एक-चार-सात: लॅटिन संगीत, ऑपेरा आणि स्पॅनिश कविता ऐकायला लागताना

लॅटिन संगीताची सुरुवात 'बेस्ट ऑफ' याद्यांपासून करू नका. अशा यादीत क्यूबाचा सोन, अर्जेंटिनाचा टँगो, ब्राझीलचा बोसा नोव्हा, स्पेनचं फ्लामेंको आणि मायामीतलं पॉप एकाखाली एक लावलेलं असतं. दोन तास ऐकलं तरी कानाला धरायला काही सापडत नाही. ऑपेराच्या याद्या त्याहून वाईट, कारण तिथे अडीच तासांच्या नाटकातली तीन-तीन मिनिटं कापून ठेवलेली असतात. गाणारी बाई कोणावर रागावली आहे हेच कळत नाही.

त्यापेक्षा एक लय पक्की करावी आणि ती नेईल तिकडे जावं. आठ घरांतली, म्हणजे आठ सारख्या मात्रांतली, १-४-७ ही ती लय. क्यूबाच्या सोनमध्ये ती आहे, एक टाळी वाढून ती 'कार्मेन' या ऑपेरात आहे आणि टँगोतही आहे. 'कार्मेन' गाणाऱ्या गायिकांच्या मागे गेलं की वाट थेट स्पॅनिश कवी लोर्काच्या कवितेपाशी पोचते. बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यातल्या कानाला ही वाट अवघड नाही. तीनताल मोजणारे, अभंग पाठ असणारे, नाट्यसंगीत ऐकून वाढलेले आणि कन्नड कानावर असणारे लोक इथे घरोघरी आहेत. या चारही गोष्टी पुढे कामाला येतात.

आधी टाळी

तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन धरा, पण त्यातल्या टाळ्या आणि खाली बाजूला ठेवा. पायाने १, ५, ९, १३ वर ठेका द्या. हाताने मात्र १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी:

१ · · ४ · · ७ · | · · ११ · १३ · · ·

हा सोन क्लाव्हे. पहिल्या आठ घरांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन, म्हणून याला ३-२ म्हणतात. मेट्रोनोम ६० वर ठेवून पायाचा ठेका त्याच्याशी जुळवा, म्हणजे आवर्तन चार सेकंदांचं होईल. दहा मिनिटं न चुकता जमलं की पाच-पाचने वाढवत ९० पर्यंत न्या. सालसात हेच आवर्तन अडीच सेकंदांच्या आसपास संपतं, त्यामुळे थेट सालसावर टाळी धरायला गेलात तर हात अडखळणारच.

दोन चुका हमखास होतात. चौथ्या घरावरची टाळी पाचव्यावर सरकते, कारण पाय पाचवर पडतो आणि हात त्याच्या मागे जातो. उपाय एकच: चौथ्या घरावरची टाळी पायाच्या आधी यायला हवी असं मनाशी ठेवून वेग निम्मा करायचा. दुसरी चूक म्हणजे सातव्या घरावरची टाळी आठव्यावर जाणं. ही गंमतीची चूक आहे, कारण १, ४, ८, ११, १३ ही खरोखरची वेगळी लय आहे, तिला रुम्बा क्लाव्हे म्हणतात. शेवटची टाळी १३ ऐवजी १४ वर गेली की बोसा नोव्हाचा साचा होतो. चूक कुठल्या घरी झाली यावरून आपण कोणत्या देशात पोचलो ते कळतं, एवढं तरी समाधान.

बरीच गाणी उलट्या बाजूने, म्हणजे दोन टाळ्यांच्या आठ घरांपासून सुरू होतात. तेव्हा टाळ्या ३, ५, ९, १२, १५ वर येतात. गाण्यावर टाळी धरल्यावर सगळं बरोबर मोजूनही हात आणि गाणं भांडल्यासारखं वाटत असेल, तर बाजू चुकली आहे. आठ घरं थांबा आणि पुन्हा सुरू करा. एकदा गाणं सुरू झालं की क्लाव्हेची फिरत थांबत नाही. बाजू बदलल्यासारखी वाटली तर बहुधा गाण्याच्या ओळीची लांबी आठ घरांनी कमी-जास्त झालेली असते.

आपल्याकडच्या श्रोत्याला खरी अडचण येते ती समेची. तबला ऐकणाऱ्याला जड आघात म्हणजे सम असं वाटतं. क्यूबन पद्धतीच्या वादनात बास पहिल्या घरावर वाजतच नाही, दर आठ घरांत तो ४ आणि ७ वर येतो. कोंगा या हाताने वाजवायच्या उभ्या ढोलाचे दोन मोकळे, घुमणारे ठोके ७ आणि ८ वर पडतात. त्यामुळे नवखा कान सातलाच सम धरून बसतो आणि पुढचं सगळं वाकडं ऐकू येतं. गाण्याच्या उत्तरार्धात जी जाड लोखंडी घंटा वाजू लागते, तिचा खालचा, जड आवाज १ आणि ५ वर असतो. सम हरवली तर त्या घंटेला धरा. हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बास जवळजवळ येतच नाही, आणि बास नसेल तर वरची सगळी मोजणी अधांतरी राहते. वायरचा साधा इअरफोन पुरतो.

ऐकण्याचा क्रमही ठरवून ठेवलेला बरा. सालसाच्या बँडमध्ये क्लाव्हेच्या काठ्या पुष्कळदा कोणी वाजवतच नाही, सगळे ती मनात धरून वाजवतात. ती ऐकू येत नाही म्हणून लोक नाउमेद होतात. म्हणून जुन्यापासून सुरुवात: त्रिओ मातामोरोस आणि सेप्तेतो नासिओनाल. जुन्या सेप्तेतोंत पुष्कळदा गायकच दोन काठ्या वाजवतो आणि त्यांचा 'टक' आवाज स्वच्छ वर येतो. त्यानंतर 'ब्युएना विस्ता सोशल क्लब'. १९९६ साली हवानात मुद्रित झालेला आणि १९९७ साली आलेला हा अल्बम म्हणजे कॉम्पाय सेगुंदो, इब्राहिम फेरेर, रुबेन गोन्सालेस, ओमारा पोर्तुओंदो अशी जुनी मंडळी, संथ चाल आणि सगळी वाद्यं वेगवेगळी ऐकू येणारं मुद्रण. शिकण्यासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. त्यानंतर न्यूयॉर्कची फानिया ही १९६४ साली सुरू झालेली रेकॉर्ड कंपनी, आणि तिच्या ढिगातून आधी विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्स यांचा १९७८ चा 'सिएम्ब्रा'.

सोन आणि सालसाच्या गाण्याचे दोन भाग असतात. पहिल्यात कथा किंवा कविता, दुसऱ्यात एकच ओळ समूह म्हणत राहतो आणि गायक मध्ये नवनव्या ओळी टाकतो. या दुसऱ्या भागाला मोन्तुनो म्हणतात. भजनी मंडळात बसलेल्याला तो समजावून सांगायला नको. मोन्तुनो कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते प्रत्येक गाण्याला लिहून ठेवायची सवय लावा. वीस गाण्यांनंतर गाण्याचा आराखडा आपोआप दिसायला लागतो.

ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, स्पॅनिश नव्हे. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला गेलात आणि तिथल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गाठलंत, तर ती बोसा नोव्हाचे किंवा पोर्तुगालच्या फादोचे शब्द सांगतील, क्यूबाच्या गाण्याचे सांगतीलच असं नाही. आणि फ्लामेंको स्पेनचं, त्याचा हिशोब निराळा. सोलेआ हा त्यातला प्रकार बारा मात्रांचा असला तरी एकताल लावू नका. एकतालाच्या टाळ्या १, ५, ९, ११ वर, तर सोलेआचे आघात ३, ६, ८, १०, १२ वर. बारा हा आकडा सारखा, बाकी काही नाही.

क्यूबाहून सेव्हिलला

आता क्लाव्हेची पहिली आठ घरं घ्या: १, ४, ७. त्यात ५ मिळवा. १, ४, ५, ७. हा हाबानेरा, म्हणजे हवानाचा ठेका. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, पण स्पॅनिशमध्ये तो उच्चारत नाहीत, म्हणून 'आबानेरा'.

हाच ठेका 'कार्मेन'मध्ये नायिकेच्या पहिल्या गाण्याखाली चेलोवर सुरुवातीपासून वाजत राहतो. जॉर्ज बिझेचा हा ऑपेरा १८७५ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आला. कथा स्पेनमधल्या सेव्हिलची, भाषा फ्रेंच. या गाण्याची चाल बिझेने लोकगीत समजून घेतली होती. ती निघाली सेबास्तियान इराडिएर या स्पॅनिश संगीतकाराची, जो दहा वर्षांपूर्वीच वारला होता. बिझेने मग स्वरलिपीत त्याचा उल्लेख केला.

गाणं मायनरमध्ये सुरू होऊन मेजरमध्ये जातं. आपल्या भाषेत, सा तोच राहतो आणि कोमल गंधार जाऊन शुद्ध येतो. म्हणून पहिल्या ऑपेरासाठी हे गाणं चांगलं. इतर बहुतेक ठिकाणी सा सरकतो, पाच मिनिटांत दोन-तीनदा सरकतो, आणि तानपुऱ्याचं ॲप लावून ऐकण्याचा प्रयोग तिथेच फसतो. ऑपेरा ऐकताना तानपुरा बंद.

'कार्मेन' पूर्ण ऐका. अंक चार, म्हणून चार संध्याकाळी. दर अंकाआधी त्या अंकाचं कथानक वाचा, मग संहिता समोर ठेवून ऐका: एका रकान्यात फ्रेंच, दुसऱ्यात इंग्रजी. अशा संहिता इंटरनेटवर फुकट मिळतात. शब्द कानाने पकडायच्या मागे लागू नका. स्त्रीचा आवाज तार सप्तकात चढला की स्वरांमधला फरक, आ कुठला आणि ए कुठला, भौतिकदृष्ट्याच पुसट होतो. फ्रेंच माणसालाही तिथे शब्द लागत नाहीत. आधी वाचलेलं असलं की कान ते भरून काढतो. आवाजातला कंप सुरुवातीला खटकतो, तोही आठवड्याभरात खटकेनासा होतो. ही मंडळी माइकशिवाय गातात. ३००० हर्ट्झच्या आसपास त्यांचा आवाज जोरकस केलेला असतो आणि वाद्यवृंदाची ताकद तिथे कमी असते. त्यामुळे साठ-सत्तर वाद्यांवरून एकटा गळा मागच्या रांगेपर्यंत पोचतो. पूर्वी आपल्या संगीत नाटकातल्या नटालाही माइकशिवायच थिएटर भरावं लागे, फक्त समोर ऑर्गन आणि तबला होता.

कोणतं मुद्रण घ्यायचं? 'कार्मेन'बाबत हा प्रश्न नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाचा. बिझेने ऑपेरा लिहिला तो गाण्यांच्या मध्ये साधे बोलके संवाद ठेवून. तो वारल्यावर एर्नेस्त गिरो याने ते संवाद गाऊन म्हणायचे केले. टॉमस बीचम यांच्या १९५८-५९ च्या मुद्रणात गिरोची पद्धत आहे आणि कार्मेन आहे व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस. क्लाउडिओ आबादो यांच्या १९७७ च्या मुद्रणात बोलके संवाद आहेत आणि कार्मेन तेरेसा बेर्गान्सा. दोन्ही गायिका स्पेनच्याच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने बीचमचं घ्यावं, कारण फ्रेंच संवाद नुसते कानाने ऐकत बसणं कंटाळवाणं होतं. दुसऱ्या फेरीला आबादो. संहिता समोर धरून ऐकताना अचानक पानं जुळेनाशी झाली, तर संहिता एका पद्धतीची आणि मुद्रण दुसऱ्या पद्धतीचं आहे, एवढंच समजायचं.

चित्रासह पाहायचं असेल तर ऑपेराव्हिजन ही युरोपातल्या ऑपेरागृहांची सेवा २०१७ पासून पूर्ण प्रयोग उपशीर्षकांसह फुकट दाखवते, यूट्यूबवरही. प्रयोग काही महिनेच ठेवतात, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणून ठेवलेला प्रयोग नंतर नसतो.

मुद्रण निवडताना आणि लावताना

शोधताना रचनेचं नाव, वाद्यवृंद चालवणाऱ्याचं नाव आणि साल, तिन्ही टाका. ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुन्हा प्रकाशित केल्याचं असतं. १९५३ साली मिलानमध्ये मारिया कालास, जुझेप्पे दी स्तेफानो आणि तितो गोब्बी यांनी व्हिक्तोर दे साबाता यांच्या हाताखाली केलेला 'तोस्का' २०१४ चा म्हणून दिसला तर बिचकू नका. एकूण वेळ बघा. 'कार्मेन' किंवा 'ला त्राव्हियाता' साठ-सत्तर मिनिटांत संपत असेल तर ते निवडक तुकडे आहेत. १९५० च्या दशकातली बरीच मुद्रणं मोनो आहेत आणि तशीच ऐकावीत. मागाहून कृत्रिम स्टिरिओ केलेल्या प्रतीत आवाज घागरीतून आल्यासारखा येतो.

ॲपमधला शफल बंद, क्रॉसफेड शून्यावर, गॅपलेस चालू. ऑपेराचा एक अंक वीस-पंचवीस ट्रॅकमध्ये कापलेला असतो आणि संगीत मात्र सलग असतं. क्रॉसफेड चालू राहिला तर प्रत्येक सांध्यावर काही सेकंद दोन तुकडे एकमेकांवर चढतात. फुकट खात्यावर मध्येच मसाल्याची जाहिरात येते. त्यापेक्षा अख्खा अंक एका फाइलमध्ये असलेला बघावा.

ऑपेरात मंद आणि मोठा यांतलं अंतर प्रचंड असतं. बेळगावच्या जुलैमधल्या पावसात, पत्र्याखाली किंवा कौलाखाली, स्पीकरवर ऐकायला बसलात तर मंद जागा पावसात जातात. मग आवाज वाढवायचा आणि पुढच्या क्षणी ब्रास वाजलं की शेजारी दार ठोठावणार. पावसाळ्यात इअरफोन आणि रात्री दहानंतरची वेळ. कोल्हापूरच्या एसटीत ऑपेरा ऐकू नये. तिथे त्रिओ मातामोरोस चालेल.

जुन्या तबकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी थोडं जास्त. १९०२ च्या एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने मिलानच्या हॉटेलात एन्रिको कारुसोची दहा गाणी मुद्रित केली. तोच माणूस त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात होता, गौहर जानसमोर भोंगा मांडून. १९२५ पर्यंत माइक नव्हता. गायक भोंग्यात गायचा आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ काढायची. या पद्धतीत पुरुषाचा वरच्या पट्टीचा आवाज, म्हणजे टेनर, उत्तम उतरतो, स्त्रीचा उंच आवाज चिरका होतो आणि खर्ज व तंतुवाद्यं जवळजवळ गायब होतात. म्हणून १९२५ आधीचं ऐकायचं तर कारुसोपासून सुरुवात करा. स्त्री-आवाजांचा न्याय त्या तबकड्यांवरून करू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्सवर त्या काळातल्या हजारो तबकड्या फुकट ऐकता येतात.

या तबकड्यांचा वेग नेमका ७८ नसायचा. वेगात सहा टक्क्यांचा फरक म्हणजे एका अर्ध्या सुराचा फरक. घरात हार्मोनियम असेल तर गाण्याचा शेवटचा स्वर पट्टीवर लावून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर प्रत चुकीच्या वेगाने उतरवलेली असण्याची शक्यता मोठी. यूट्यूबचा वेग बदलून उपयोग नाही, कारण तिथे चाल बदलते, स्वर नाही. ऑडॅसिटीत वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलण्याची सोय आहे, ती वापरा. त्या काळचे सगळे वाद्यवृंदही आजच्या पट्टीत नव्हते, त्यामुळे पाव सुराइतक्या फरकावर अडून बसू नये.

सार्सुएला: इथे आपण घरी आहोत

स्पॅनिश भाषेतलं संगीत नाटक म्हणजे सार्सुएला. संवाद बोलायचे, भावना दाटली की गायचं, मध्ये विनोदी जोडी, शेवटी सगळे रंगमंचावर. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली आलं. माद्रिदमध्ये त्याच सुमाराला एका अंकाच्या, तासाभराच्या सार्सुएलांची लाट होती, आणि तिच्यातली सगळ्यांत लाडकी, तोमास ब्रेतोनची 'ला व्हेर्बेना दे ला पालोमा', १८९४ ची. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही, पण 'सौभद्र'ची सवय असलेल्याला इथे काही समजावून द्यावं लागत नाही. सुरुवात हिच्यापासूनच करा: तासाभराची, कथा साधी, औषधाच्या दुकानातला म्हातारा आणि दोन तरुण मुली. मग मोठ्यांपैकी 'दोन्या फ्रान्सिस्कीता' (१९२३) आणि 'लुइसा फेर्नांदा' (१९३२). वाद्यवृंद आताउल्फो आर्खेंताने चालवलेला असेल तर डोळे मिटून घ्या. शोधताना शब्द झेडने सुरू होतो हे लक्षात असू द्या. एक अडचण आहे: पुष्कळ मुद्रणांत संवाद गाळून नुसती गाणी ठेवलेली असतात. नाटक हवं असेल तर चित्रफीत शोधा.

गळ्यातून कवितेकडे

बेर्गान्साने गिटारवादक नार्सिसो येपेसबरोबर केलेलं एक मुद्रण आहे. त्यात मान्युएल दे फायाची सात लोकगीतं आहेत आणि फेदेरिको गार्सिया लोर्काने गोळा करून साथ बांधलेली जुनी स्पॅनिश गाणीही. लोर्काच्या आवाजाचं मुद्रण आज कुठेही उपलब्ध नाही. पण १९३१ साली ला आर्खेंतिनीता या गायिका-नर्तकीबरोबर त्याने हीच गाणी तबकड्यांवर दिली आणि पियानो स्वतः वाजवला. कंपनी होती 'ला बोस दे सु आमो', म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवरचा तोच कुत्रा आणि तोच भोंगा. ही दोन मुद्रणं पाठोपाठ ऐका, मग लोर्काचं १९२८ चं 'रोमान्सेरो हितानो' उघडा.

रोमान्स हा स्पॅनिशमधला जुना छंद आहे. ओळ आठ अक्षरांची. ज्याला 'जे का रंजले गांजले' पाठ आहे त्याच्या जिभेवर आठ अक्षरं आधीच बसलेली असतात. यमकाचा नियम मात्र वेगळा. अभंगात व्यंजनासकट यमक जुळतं, रोमान्समध्ये फक्त शेवटचे दोन स्वर जुळतात आणि तेही दर दुसऱ्या ओळीला. मोजण्याचे दोन नियम आहेत: शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर भेटले तर दोन्ही मिळून एकच अक्षर, आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर एक अक्षर वाढवून धरायचं. लोर्काच्या प्रसिद्ध चार ओळींवर बघा:

बेर-दे-के-ते-क्ये-रो-बेर-दे (८)
बेर-दे-ब्येन-तो-बेर-देस-रा-मास (८)
एल-बार-को-सो-ब्रे-ला-मार (७ + १)
येल-का-बा-योएन-ला-मोन-ता-न्या (८)

दुसरी आणि चौथी ओळ 'रामास' आणि 'मोन्तान्या' वर संपते. व्यंजनं वेगळी, पण आ-आ सारखे. ही आ-आ ची जोडी अख्ख्या कवितेभर चालते. आधी टाळीवर म्हणा, मग अर्थ बघा. उलट केलं तर कविता डोळ्यांत राहते, कानात जात नाही.

उच्चाराला आपल्याला शाळेतलं इंग्रजी विसरावं लागतं, मराठी नाही. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, सरळ आपले. स्वर पाचच. ए आणि ओ मराठीपेक्षा आखूड, म्हणजे कन्नडमधल्या 'एल्ली' आणि 'ओंदु' यांतल्यासारखे. इकडच्या माणसाला ते फुकट मिळालेले आहेत. बी आणि व्ही एकच, ब च्या जवळ. दोन एल म्हणजे बहुतेक ठिकाणी य. जे चा उच्चार घशातला ख आणि ह यांच्या मधला. दोन आर आले की जीभ थरथरवायची. सी आणि झेडचा उच्चार लॅटिन अमेरिकेत स, माद्रिदकडे इंग्रजी 'थिंक'मधल्यासारखा. एक कोणताही धरा, एका कवितेत दोन मिसळू नका. आघाताचा नियम: शब्द स्वर, एन किंवा एसने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. अक्षरावर तिरकी रेघ असेल तर हे सगळं सोडून त्या रेघेवर.

पुढची वाट संगीतातूनच ठेवा. अंतोनिओ माचादोच्या कविता जोआन मान्युएल सेरातच्या १९६९ च्या अल्बममध्ये गायलेल्या आहेत, मिगेल एर्नांदेसच्या १९७२ च्या. लोर्काच्या कविता फ्लामेंकोत ऐकायच्या तर कामारोन दे ला इस्लाचा १९७९ चा 'ला लेयेंदा देल तिएम्पो'. नेरुदाकडे बहुतेक जण १९२४ च्या प्रेमकवितांतून शिरतात. भाषा शिकणाऱ्याला मात्र १९५४ ची 'ओदास एलेमेंतालेस' जास्त सोपी, कारण ओळी दोन-तीन शब्दांच्या आणि विषय कांदा, टोमॅटो असे. नेरुदाचं स्वतःचं वाचन संथ आणि एकसुरी आहे, पहिल्यांदा झोप येते. ते, गाब्रिएला मिस्त्राल, बोर्खेस, ओक्ताव्हिओ पास यांचे आवाज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'पालाब्रा' संग्रहात आहेत. हे मुद्रणकाम १९४३ पासून सुरू आहे. पास १९६२ ते १९६८ या काळात मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. 'लादेरा एस्ते' (१९६९) मध्ये हुमायूनची कबर, मदुराई, उटी, कोची या जागांवरच्या कविता आहेत. जागा ओळखीची असली की अर्ध्या शब्दकोशाचं काम वाचतं. सेसार व्हायेखो मात्र पहिल्या वर्षी नको. त्याची 'त्रिल्से' स्पॅनिश माणसालाही सरळ वाचता येत नाही.

जुन्या कवींच्या मूळ संहिता मिगेल दे सर्व्हांतेस आभासी ग्रंथालयात फुकट आहेत, शब्दकोश रेआल अकादेमियाचा, तोही फुकट. यांत्रिक भाषांतर वापरायचं तर थेट मराठीत मागू नका. ते पुष्कळदा इंग्रजीतून वळसा घेऊन येतं आणि वाटेत 'तू'चं 'तुम्ही' होतं. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' वेगळे आहेत, आपल्या तू-आपण सारखे. क्रियापदाचं रूप मूळ ओळीत बघून स्वतः ठरवा. विशेषणाचं लिंगही तसंच तपासा: कवितेतली 'मी' बाई आहे की पुरुष हे पुष्कळदा फक्त त्यावरूनच कळतं.

केलेलं भाषांतर कडोली, येळ्ळूर किंवा उचगावच्या साहित्य संमेलनात वाचायचं किंवा दिवाळी अंकाला द्यायचं असेल तर हक्काचं बघून घ्या. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. लोर्का (१९३६), माचादो (१९३९), व्हायेखो (१९३८), मिस्त्राल (१९५७) मोकळे आहेत. नेरुदा १९७३ साली गेला, म्हणजे २०३३ संपेपर्यंत परवानगी लागते. पासला तर अजून कितीतरी वर्षं. लोर्का मोकळा असला तरी त्याचं इंग्रजी भाषांतर मोकळं असेलच असं नाही. इंग्रजीवरून मराठी करणार असाल तर त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा धरावा लागतो. मूळ स्पॅनिशवरून केलंत तर ती कटकट उरत नाही. व्यासपीठावर आधी चार ओळी स्पॅनिशमध्ये म्हणा, मग मराठी. स्पॅनिश ओळी कागदावर देवनागरीत लिहून घ्या, आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा आणि जिथे दोन स्वर एक होतात तिथे खालून कंस जोडा, नाहीतर माइकसमोर आठाची नऊ अक्षरं होतात.